अर्थिंग

ॲम्प लावला की माझ्याआधी तोच गातो,
न विचारता: घूंऽऽ.
ट्यूबलाइट बंद केली. फ्रिजचा प्लग काढला.
उद्यमनगरातून नवा जॅक आणून
घरीच डाग दिला, बोट भाजलं.
घूंऽऽ.

गिटार गळ्यात घेऊन खोलीभर फिरलो.
खिडकीकडं तोंड केलं की वाढतो,
कपाटाकडं वळलं की निम्मा.
तारांवर तळहात ठेवला की गप्प,
उचलला की परत सुरू.
म्हणजे इतके दिवस अर्थिंग मीच होतो.

दस्तगीरमामा वायरमन आले,
टेस्टर खिशातच ठेवून थेट जिन्याखाली.
"खड्डा वाळून खडंग झालाय की रं!
पाणी कधी घातलंतंस ह्यात?"

राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत
गिटारच्या दुरुस्तीला लागलं
दोन किलो खडेमीठ, घमेलंभर कोळसा,
तीन बादल्या पाणी.
माती बुडबुडे काढत प्याली.
मामा चहा पिऊन गेले, पैशाचं "बघू नंतर".

वर आलो. बटण दाबलं.
लाल दिवा. बाकी काही नाही.
खालच्या गिरणीचा पट्टा तेवढा ऐकू आला.
मग एकेक तार छेडत गेलो.

पाचवी उतरलेली होती.
किती महिने, कुणास ठाऊक.