एक तास पन्नास मिनिटं

इकितोसहून लिमाला रस्ता नाही.
हे मी दिवसातून बाराएक वेळा सांगते,
प्रोस्पेरो रस्त्यावरच्या तिकीट-खिडकीत बसून,
डोक्यावरचा पंखा करकरत असताना.
हवेतून हजार किलोमीटर, वर थोडे.
वेळ एक तास पन्नास मिनिटं,
वाऱ्यानं मनावर घेतलं तर पाच-सात कमी.
अकरा वर्षं हे आकडे तोंडात आहेत,
चघळून चघळून चव गेलेले.
मी स्वतः कधी उडाले नाही.

तेओफिलो तापुयीमानं चिखलाचे बूट
दाराबाहेर काढून ठेवले.
तीस वर्षं लाँचीवर काढलेला माणूस,
तळहात दोरासारखेच पिळलेले.
"किती लांब?"
मी आकडा सांगितला.
"हवेतलं मला काय कळतंय?
पाण्यानं विचार, सांगतो:
नदी भरलेली असली तर उकायालीतून वर
पुकायपापर्यंत पाच दिवस,
उतरलेली असली तर सात,
वाळूत रुतलो तर कप्तानाच्या नशिबावर.
पुढे डोंगरातली बस, एक दिवस, एक रात्र,
पोट हातात धरून."
मग जरा पुढे झुकून, हळूच:
"वरून कोन्तामाना दिसेल का?
तिथल्या वळणावर माझा एक नांगर बुडालाय.
कोणत्या बाजूला बसू?"

डावी की उजवी, मला सांगता येईना.
उजवी, म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.
त्यानं नोटा मोजल्या, ओल्या, माशांच्या वासाच्या,
एकेक काचेखालून सरकवली.
फक्त जायचं तिकीट.
बहिणीकडे चाललोय, म्हणाला, देल्मिराकडे,
आणि बूट न घालताच, हातात घेऊन गेला.

सात आठवड्यांनी परत आला, लाँचीनं.
खिडकीशी उभा. रांग नव्हती.
"ढग होते," म्हणाला. "सगळी नदी ढगाखाली.
एकदा फट पडली, तर खाली
कुणीतरी टाकून दिलेला दोरा, चिखलाच्या रंगाचा.
त्यात माझी तीस वर्षं कुठली, ओळखू आली नाहीत."

मी विचारलं, बहीण?

"तेच तर.
पाच दिवस असते तर हॅमॉकात पडल्या पडल्या
काय बोलायचं ते जुळवलं असतं.
एक वाक्य रोज, आणि रात्री खोडून पुन्हा.
पण यांनी पेलाभर रस दिला,
तो संपायच्या आत लिमा.
वाळूच्या टेकडीवर तिचं घर, दार उघडं,
ती तांदूळ निवडत बसलेली, केस पांढरे,
आणि माझ्याकडे एकही शब्द तयार नाही.
मग जो होता तोच बोललो:
एक तास पन्नास मिनिटं लागली, म्हटलं."

"मग?"

"ती म्हणाली, एवढीच?
तर एकोणीस वर्षं कशाला लावलीस?"

यावर तो हसला की नाही, ते आठवत नाही.
मागे एक बाई येऊन उभी राहिली होती,
कडेवर मूल, हातात थर्मोकोलची माशांची पेटी,
आणि तोच प्रश्न.
मी तोंड उघडलं,
आकडा जिभेवर आलाही होता,
पण बाहेर पडलं ते भलतंच:
कुणाकडे चाललात?

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.
मूल पेटीवर बोटानं ओरखडे काढत होतं.
तेओफिलो बाजूला सरकला, तिला जागा देऊन,
जाता जाता काचेवर टिचकी मारून म्हणाला,
"डावी सांग तिला. उजवीकडे सगळं पंखच पंख."