खोट

वैशाखात वीज गेली, एसी बंद पडला
की लॅबमधली गॅलियमची बाटली आपोआप पातळ होते.
तीस अंशसुद्धा लागत नाहीत.
बघेल म्हणतो, मॅडम, ये तो घी है।
म्हटलं, तूपच रे, पण बोट घालू नकोस,
काळं लागतं, दोन दिवस जात नाही.

पलीकडच्या कपाटात, दोन कुलपांआड, आर्सेनिक.
आप्पांच्या भाषेत सोमल.
पहिल्या पगाराच्या दिवशी त्यांनी विचारलं होतं,
विष राखायचे पैसे देतात का गं तुला?
नाही, म्हटलं,
तूप आणि विष एका नळीत कोंडून
बाराशे अडतीस अंशांवर
त्यांचं जमतंय का ते बघायचे.

जमतं.
पण घाई केली की चिरतं.
तासाला एक-दोन अंश, एवढंच उतरायचं,
आठवडाभर भट्टीशेजारी आळीपाळीने जागायचं,
मग हाताला लागते एक राखाडी कांडी.
तिच्या चकत्या, चकत्यांना पॉलिश,
पॉलिशमध्ये माझा चेहरा, जरा सावळा.
कडेला हिऱ्याच्या टोकाने ओरखडा दिला
आणि नखभर वाकवलं की, टक्.
सरळ रेषेत तुटते.
सतरा वर्षांत मी इतकं सरळ काही तुटताना
दुसरं पाहिलेलं नाही.

आप्पांचं दुकान सराफ्यात, तीन पायऱ्यांचं.
आठला शटर ओढलं
की आमच्याच पायरीवर भुट्ट्याच्या किसाची कढई चढते.
एका रात्री त्या वासात, हिशेबाची वही मिटत ते म्हणाले,
तुझ्या त्या मालाचा कस किती?
नव्व्याण्णव, पुढे टिंब, पुढे चार नऊ.
त्यांनी अंगठ्याने कसोटीचा दगड पुसला,
उगाच.
इतकं चोख? मग त्याचं काही घडत नसेल.
चोख सोन्याची बांगडी कणीक मळतानाच वाकते.

नाहीच घडत, आप्पा. आम्हीही खोट घालतो.
सिलिकॉन. चाळीस हजारांत एक कण.

ते इतके हसले
की किसवाल्याने वर पाहिलं.
म्हणजे एवढं शिकून सोनारच झालीस!

मग मी त्यांना जागेचं सांगितलं.
तोच कण गॅलियमच्या जागी बसला तर एक इलेक्ट्रॉन देतो,
आर्सेनिकच्या जागी बसला तर एक ओढून घेतो.
खोट तीच.
आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.
सात पिढ्या आम्ही माळव्यात बसलेलो,
पोह्यांवर शेव घालतो,
पुण्याचे पाहुणे ती चमच्याने बाजूला सारतात.
कोणाच्या जागेवर बसलो, कधी विचारलं नव्हतं.
बरं, तारा कसल्या लावता त्याला, त्यांनी विचारलं.
सोन्याच्या, म्हटलं. केसापेक्षा बारीक.
जंतरातून ओढता?
नाही, मशीन.
हं, म्हणाले. ते त्यांना आवडलं नाही.

उपयोग काय, हे मात्र कधी विचारलं नाही.
आईने विचारलं.
उपग्रहाच्या पंखांवर ऊन खातं, म्हटलं,
फोनमधला निरोप टॉवरपर्यंत उचलून देतं.
सिलिकॉनमध्ये वीज सोडली की नुसतं तापतं,
यातून उजेड निघतो.
कुठाय उजेड, आई म्हणाली.
डोळ्यांना दिसत नाही.
मग कशाला तो?

तेव्हा मी टीव्हीचा रिमोट घेतला,
आप्पांच्या हातात दिला,
आणि त्यांच्यासमोर फोनचा पुढचा कॅमेरा धरला.
दाबा.
पडद्यावर रिमोटच्या टोकाला
एक फिकट जांभळा ठिपका लुकलुकला.
त्यांनी रिमोटकडे पाहिलं. अंधार.
फोनकडे पाहिलं. ठिपका.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा
त्यांनी आधी चोळला, मग दुसरा,
मग नाकावर ते जुनं भिंग चढवलं
ज्यातून चाळीस वर्षं डाग शोधले
आणि परत दाबलं. परत. परत.

आवाजाचं बटण होतं ते.
बातम्या देणारी बाई ओरडू लागली,
शेजारच्या कासलीवालांनी भिंतीवर थाप मारली,
आई लाटणं घेऊन बाहेर आली,
आणि आप्पा म्हणत होते, थांब गं,
थांब जरा, आहे. आहे.