ओहोटीचा वळसा

माझ्या वडिलांनी शापोऱ्याला कधी नदी म्हटले नाही.
'पाणी' म्हणत.
आज पाणी जड आहे.
आज पाण्याला झोप लागलीय, हळू बोल.
शिवोलीहून चोपडे, चोपड्याहून शिवोली,
फेरीबोटीच्या उंच काचेच्या खोपटात
सुकाणूवर दोन बोटे टेकवून
ते पलीकडच्या एकाच माडाकडे बघत असत,
जणू तो आज जागेवर नसेल.

पलीकडचे तारवटी आमच्याच बोटीतून जगाला जात.
मोरजेचा रुझार, आगरवाड्याचा इनास,
ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव,
आडनाव मावले नाही म्हणून
शेवटची दोन अक्षरे कडेवरून खाली उतरलेली.
काखेत पत्र्याची नळी, नळीत कागद:
कुठल्या आगबोटीवर किती महिने, वागणूक कशी.
वागणूक सगळ्यांचीच उत्तम.
मग म्हापशाची बस, मग मुंबईत गावाचा कूड,
तिथल्या आल्ताराखाली अंथरूण,
बोट मिळेपर्यंत दुसऱ्याच्या ट्रंकेवर पत्ते.

धक्क्यावर कुणी 'जातो' म्हणत नसे.
'येतां, शाणू,' म्हणत.
वडील भोंगा वाजवत. एकदाच. आखूड.

आमच्या घराण्यातही समुद्र होता म्हणे.
पणजोबांचा मचवा आगरातले मीठ भरून
वेंगुर्ल्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे.
उरली ती एक कप्पी,
आई तिच्यावर विहिरीचा दोर ओढायची
आणि ती कुरकुरली की म्हणायची,
हिला वारा आठवला.

इनासने रॉटरडॅमहून वडिलांना रेनकोट आणला,
पिवळाधमक, गुडघ्याखाली येणारा.
खिशात कुठल्याशा ट्रामचे तिकीट राहून गेलेले.
वडिलांनी ते फेकले नाही.
आषाढात तोच कोट घालून ते उभे राहत,
अर्धा किलोमीटर पाण्यावर
रॉटरडॅमचा माणूस.
मला हसू यायचे. मोठेपणी येईना.

रुझारची ट्रंक परत आली ती एकटी.
कंपनीच्या माणसाने सही घेतली, निघून गेला.
पिएदाद तिच्याशेजारी उभी होती,
हात ट्रंकेवर नाही, कठड्यावर.
मधोमध आल्यावर वडिलांनी इंजिन बंद केले.
काही बोलले नाहीत.
बोट जराशी आडवी झाली, पाणी बाजूंना लागत राहिले,
बसचे लोक घड्याळे बघू लागले,
एकजण म्हणाला, बिघडले काय?
मग इंजिन सुरू झाले.
पुढे त्या ट्रंकेत पिएदाद बियाणे ठेवायची.
मृगाआधी आम्हीही तिच्याकडून नेले आहे
कोरगुटाचे पायलीभर,
त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा.

पूल झाला.
वडिलांना दुसऱ्या धक्क्यावर पाठवले, ते गेले नाहीत.
पुलावरून एकदाच चालले, तेही कठड्याला धरून;
म्हणाले, खाली बघता येत नाही,
पाणी नुसते दिसते.

इनासची नातवंडे आता क्रूझवर असतात,
विमानाने जातात, फोनवर चेहरा दाखवतात.
घरे रंगवलेली, खिडक्या लावलेल्या,
अंगणात कुणा पगारी माणसाने झाडलेली पाने.
ओहोटीला चिखलात तिसऱ्या काढणाऱ्या बायका
अजून माझ्या वडिलांचे नाव घेऊन
वाळूच्या पट्ट्याला 'शाणूचा पाट' म्हणतात;
त्यांच्या मुलींना विचारले तर ठाऊक नाही.

एका संध्याकाळी मी हिशेब केला.
दिवसाला तीस खेपा, अर्धा किलोमीटर,
वर्षाचे साडेतीनशे दिवस, अठ्ठावीस वर्षे.
कागद त्यांच्यापुढे धरला:
बाबा, तुम्ही पृथ्वीला साडेतीन वेढे घातलेत.
इनासने तरी घातले असतील का?

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचले.
कोट मागे खुंटीवर होता, पिवळेपण गेलेला.
मला वाटले, आता हसतील.

म्हणाले, ओहोटीचे धरले नाहीस.
ओहोटीला पट्टा उघडा पडतो,
वळसा घालून यावे लागते.
लांब पडते.
परत कर.