कायमचा नंबर

कुर्ल्याला सीएसटी रोडवर, सायलेन्सरवाल्यांच्या रांगेत
मी रेडियम कापतो. आकडे हाच धंदा.

किणींचा ऑस्बर्ट आला, बुटांवर ट्रॅकची माती तशीच.
"मोकलकाका, चारशे सतरा काढा. कायमचा मिळाला."

कायमचा म्हणजे रे?
म्हणाला, वर्षभराचे गुण पुरेसे जमले
की माणूस दोन आकड्यांत येतो.
वरचा आधी निवडतो, खालच्याला उरलंसुरलं.
एक ते नऊ विचारायचेच नाहीत, ते चॅम्पियन लोकांचे.
त्यातला एक तर वर्षापुरताच.
हरलास की उतरव, पुढच्याला दे.

उरले होते तीन. त्याने एकाहत्तर घेतला.
"कोणाचा होता?"
"केर्सी बामजीचा. गुडघा गेला.
दोन सीझन थांबले त्याच्यासाठी. एक गुण नाही आला."

म्हणजे पागडीची खोलीच की, मी म्हटलं.
भाडं थकलं, कुलूप बदललं.
तो हसला नाही.

काळ्यावर पिवळा. आठ इंची. सात, एक.
जुना सोलताना सतरा सहज आला,
चार निघेना, गोंद धरून बसला.
हेअर ड्रायर लावला तेव्हा कुठे सुटला,
तरी मागे सावली राहिलीच.

एकाहत्तर मी आधी कापलाय,
याच टेबलावर, पाच वर्षं, दर सीझनला.
साचा खालच्या खणात आहे.

खण उघडला नाही.
पट्टी घेतली,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि पहिल्यांदाच काढतोय तसा
सात आखायला बसलो.