ल की ला

मार्चमधला गुरुवार. शाळेत आज फ्रेंच दिवस.
बंदरावरचा वारा नेहमीसारखाच आडवा,
हॅडकचा वास घेऊन खिडक्यांच्या फटींतून शिरलेला.
त्याला कोणी सांगितलं नव्हतं
की आज पॅरिस व्हायचंय.

पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर कालच एका अंगाला कलला.
शिपाई सँडी कॉर्डिनरने जाळ्याच्या सुतळीने
तो रेडिएटरला बांधून ठेवलाय,
धक्क्याला होडी बांधतात तसा,
दोन वेढे, एक गाठ.

पोरांनी आयांच्या भुवयांच्या पेन्सिली पळवून
मिशा काढल्यात.
स्ट्रूअनची एक मिशी थेट कानापर्यंत पोचलीय.
मॉरीनबाईंच्या खानावळीत लांबलचक पाव,
आणि एक चीज, ज्याला मोज्यांचा वास येतो म्हणून
सगळी पोरं लांबूनच मान देतात.

मिस बुकन एका उन्हाळ्यात लीलला राहिल्या होत्या.
त्याला बावीस वर्षं झाली.
त्या शिदोरीवर आजचा दिवस.
पहाटे येऊन त्यांनी वस्तूवस्तूवर चिठ्ठ्या डकवल्या,
आणि ज्या पोरांच्या भाषेत दगड, धोंडा, जहाज
सगळं एकाच माळेचं,
त्यांच्या वर्गात
दार अचानक 'ती' झालं,
पुस्तक 'तो' झालं,
आणि चंद्र,
फळ्यावर खडूने काढलेला, एक डोळा मोठा असलेला चंद्र,
तोसुद्धा 'ती'.

शेवटची चिठ्ठी माशाच्या टाकीवर.
'ला प्वासाँ.'

टाकीशेजारी एक्झोसे बसते.
ऑक्टोबरात किन्शासाहून आली.
पाच महिन्यांत तीन शब्द बोलली:
यस, नो, टॉयलेट.
कागदी टोपी तिच्या वेण्यांवर टिकत नव्हती,
म्हणून तिने ती गुडघ्याला घातलेली.

चिठ्ठी तिने वाचली.
पुन्हा वाचली.
खाली पाहिलं, माशाकडे पाहिलं,
जणू त्यालाच विचारलं, तुला चालतंय का हे?

"ल," ती म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही.
स्ट्रूअन चीजवरून कुणाशी तरी पैज लावत होता.

"ल प्वासाँ, मादाम. पा ला."

मिस बुकनच्या मानेवर लाल ठिपके उठले,
चूक सापडली की उठतात तसे.
त्यांनी मार्कर उचलला,
तेवीस पोरांसमोर 'ला'चा काना खोडला,
आणि म्हणाल्या, "मेर्सी. अजून कुठे चुकलंय?"

अजून दोन ठिकाणी चुकलं होतं.

मग काय, झुंबड.
खेकड्याला काय म्हणतात? शिंकेला? शेंबडाला?
आणि मागच्या बाकावरून, हळूच,
पादण्याला?
एक्झोसेकडे सगळ्याला शब्द होते.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो शेवटचा
अख्ख्या शाळेला अस्खलित येत होता.

उसनं ठेवायचं नाही म्हणून
स्ट्रूअनने तिला 'फिट लाइक' दिलं,
म्हणजे, काय, कसं काय?
मिस बुकनच्या पुस्तकात हे नाही.
पाव कापता कापता मॉरीनबाई म्हणाल्या,
ह्याच शाळेत, ह्याच दोन शब्दांपायी,
माझ्या बोटांवर पट्टी बसली होती.
आणि पाव कापत राहिल्या.

साडेतीनला फाटकाशी आई, क्लोदीन,
मासळीच्या कारखान्यातले पांढरे गमबूट,
बोटं थंडीने सुरकुतलेली.
पोरीने सगळं एका दमात सांगितलं.
आई हसली, हसतच राहिली,
मग वाऱ्याकडे पाठ करून
लिंगालात म्हणाली:
तिकडे शाळेत आपली भाषा तोंडातून निसटली
की दिवसभर कोपऱ्यात उभं करायचे आम्हाला,
ह्याच फ्रेंचसाठी.
आणि इथे तिच्यासाठी टाळ्या?

एक्झोसेला काय बोलावं कळलं नाही.
आईच्या हाताला हॅडकचा वास होता.
तिने तो हात सोडला नाही.

शुक्रवारी टॉवर रद्दीत गेला,
सुतळी सँडीने गुंडाळून खिशात टाकली.
टाकीवरची चिठ्ठी मात्र तशीच,
काना खोडलेली,
आणि खाली पेन्सिलीने, थोडं तिरकं: 'म्बिसी.'

"हे 'ल' की 'ला'?" स्ट्रूअनने विचारलं.
मिशी अजून पुरती धुतली गेली नव्हती.

"काहीच नाही," एक्झोसे म्हणाली.
"नुसतं म्बिसी."