वेगळा तवा

पहिल्या दिवशी मेसच्या रांगेत
मी म्हटलं, गहू चालत नाही मला.
वाढणाऱ्यानं विचारलं, "उपास?"
नाही.
"मग डाएटिंग?"
नाही. आजार आहे.
"दिसत तर नाही," म्हणाला,
आणि ज्या हातानं पोळ्या मोजत होता
त्याच हातानं भात वाढला.

त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर
संडासाची कडी तुटलेली.
एका हातानं दार धरलं, एका हातानं पोट.
आईला फोनवर सांगितलं, छान आहे सगळं.

वाटलं होतं, नागपुरात पोहे तरी आपले.
फाटकाबाहेर दुधरामभाऊंची गाडी,
वर लालभडक तर्री, तळाशी चणे.
चार दिवस खाल्ले.
पोट बिघडलं तर परीक्षेवर ढकललं.
पाचव्या दिवशी खालच्या फळीवर हिंगाची डबी दिसली,
फिरवून वाचली: बारीक अक्षरात, गव्हाचं पीठ.
"हिंगात गहू? तीस वर्षं झाली पोरी,
मले कुठं माहीत बा!"
आता ते कोरडेच पोहे देतात,
लिंबू मात्र दोन फोडी.

वर्गातल्या मुली सावजीत नेतात.
मडक्यावर ताणलेली लांब रोटी,
चादरीएवढी, सगळ्या मिळून फाडतात.
मी भात आणि मीठ.
रश्शात काय आहे ते विचारत नाही;
विचारलं की टेबलावरच्या गप्पा
माझ्या आतड्याकडे वळतात.

सदफनं खोलीत बिस्किटं ठेवणं बंद केलं.
जिन्यात बसून खाते,
ओढणी झटकून आत येते.
मला त्याची लाज वाटते,
आणि तिनं थांबवू नये असंही वाटतं.

दिवाळीनंतर सायत्राबाईंनी पवनीहून तवा आणला.
मुठीजवळ खिळ्यानं कोरलेली फुली.
"हा तुहा. याच्यावर दुसऱ्या कोणाचं काही नाही."
सकाळी पोळ्यांच्या आधी, ओटा पुसून, दोन भाकरी.

ज्वारी मीच दळून आणते, महालातल्या गिरणीतून.
आधी किलोभर वेगळी घालायची,
दगडात अडकलेला गहू निघून जावा म्हणून.
गिरणीवाला म्हणतो, "पीठ धुवून राहिल्या का, मॅडम?"
ते पहिलं पीठ सदफचं.
तिला आता भाकरीशिवाय होत नाही.

मार्चात बाई सुट्टीवर.
स्वयंपाकघरात गेले तर
फुलीच्या तव्यावर कुणाचीतरी पोळी
टम्म फुगलेली.
कुणावर ओरडणार? तवा तवाच असतो.
घासला, खूप घासला,
नखं काळी झाली, तरी भरवसा बसेना.

मग बर्डीवरून संत्री आणली.
खोलीत पाय पसरून पाच खाल्ली,
सालीच्या आत कुणाचाच हात पोचलेला नसतो.
तेवढ्यात आईचा फोन.
जेवलीस का गं?

नाही, म्हटलं.
आणि पहिल्यांदाच
सगळं सांगत बसले.