दवातला धागा

आम्ही सहाजण होतो.
तळघरात उतरताना यारेमाने मोजले
आणि मग दर तासाला मोजत राहिला,
जणू अंधारात एखादा विरघळून जाईल.

वर घर नव्हतं. धुराडं होतं आणि एक पायरी,
जी आता कुठेच जात नव्हती.
खाली मात्र फळीवर बरण्या रांगेत,
चेरी, काकडी, टोमॅटो,
प्रत्येकीवर निळ्या शाईत साल,
कुण्या बाईचं गोलसर अक्षर.
हिच्या हातचं मीठ बेताचं असणार, ओस्ताप म्हणाला,
अक्षरावरून कळतं.
बरणी एकच उघडली. यारेमाने तिच्या जागी
दोनशे रिव्नियांची नोट ठेवली, वर दगड.

युद्धाआधी मी लिफ्ट दुरुस्त करायचो, झापोरिझियात.
दोरखंडाच्या आवाजावरून सांगायचो
कितव्या मजल्यावर कुठला पीळ सुटतोय.
तोच कान आता आभाळाला लावलेला.
डोळ्यांत तेल घालून पहारा द्यावा म्हणतात.
इथे डोळे काय कामाचे,
तेल घालायचं ते कानांत.
गुणगुण येते, जवळ येते, थांबते, विचार करते.
तिचं ते विचार करणं सगळ्यात वाईट.
आम्ही सगळे मिळून एकच श्वास घेतो
आणि परत द्यायचं विसरतो.

चौदा महिने झाले होते,
शत्रू म्हणून माणूस मी पाहिलाच नव्हता.

तिसऱ्या रात्री लुबोमिर पाण्याला गेला.
विहीर अकरा पावलांवर.
आठ आम्ही ऐकली.

त्याला पायरीपर्यंत ओढून आणता आलं, खाली नाही.
झ्लाताने त्याच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या.
का, ते कुणी विचारलं नाही.

पहाटे दव पडलं, धुकं पडलं
आणि शेत दिसायला लागलं, आजवर न दिसलेलं.
गेल्या सालच्या काळ्या सूर्यफुलांवरून
काचेचे धागे, केसाहून बारीक, शेकडो,
ड्रोन मागे सोडत जातात त्या तारा.
एका पाखराने तर घरटंच विणलं होतं त्यांचं,
आत तीन अंडी.
बहुतेक धागे जुने, तुटलेले.
विहिरीपाशी संपणारा एक, नवा.

मी धरतो, मी म्हणालो. हा माझाच धंदा.

अंगठा आणि तर्जनी. ओढायचं नाही,
नुसतं विचारत जायचं.
साडेतीन किलोमीटर, अर्धे पोटावर.
दव उडालं तोवर बोटांना वाट पाठ झाली होती.
धागा झाडांच्या पट्ट्यात शिरला,
तिथून जमिनीत, लाकडी दारामागे.

तो झोपला होता.
म्हणून तर आम्ही होतो.
टेबलावर डोकं, गालावर बाहीची घडी उमटलेली,
गार चहा, एक मोजा वाळत घातलेला.
चौदा महिन्यांनी पाहिलेला पहिला.
नाझारीने करायचं ते केलं, आवाज न होऊ देता.
मी मोज्याकडे बघत राहिलो.

मग पडद्याकडे.
दुसऱ्या तारेच्या टोकाला गवतात दबा धरून
एक डोळा अजून उघडा होता
आणि त्यात आमची पायरी,
पायरीच्या कडेला बुटांची जोडी,
नाड्या सैल.
वारा असावा तिथे. एक नाडी हलत होती.

यारेमाने पकड पुढे केली.
मी घेतली नाही लगेच.
किती वेळ ते ठाऊक नाही. झ्लाता म्हणते, खूप.
मग मी तार कापली
आणि ते बूट कुठेच दिसेनासे झाले.

परतताना झाडांच्या कडेला यारेमाने मोजले, हलक्या आवाजात.
सहा, म्हणाला.
आयुष्यभर मोडलेलं दुरुस्त करत आलेला मी,
हे तसंच राहू दिलं.